मोटर चालू करण्यासाठी एक दाबा

आमच्या घरात फिजिक्स शिकलेला मी एकटाच. त्यामुळे जे कुणालाच कळत नाही ते मला कळत असणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं. फ्रीज बर्फ कसा धरतो, ग्रहणात पोटुशी बाईनं विळी का हातात घेऊ नये, चंद्रावर गेलेल्या यानाला रस्ता कसा सापडतो, सगळे खटले माझ्याकडे. मीही उत्तरं देत आलो. साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजवर शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. वर्गात एखादं आगाऊ पोरगं उठून विचारायचं, "सर, विश्वाच्या पलीकडं काय आहे?" मी म्हणायचो, "सिलॅबसच्या बाहेर आहे. खाली बस." वर्ग हसायचा. मलाही माझंच कौतुक वाटायचं.

वहिनीनं विचारलं तेव्हा मात्र मला खाली बस म्हणता आलं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पलटणीतून हवालदार होऊन सुटला, गावी आला आणि वारणेच्या अंगाला आमचं जे रान आहे त्यात ऊस करायला लागला. गाव शिराळ्याजवळ. मी सणासुदीला एसटीनं कराडवरून येऊन जाणारा पाहुणा. मला तो "मास्तर" म्हणायचा. "काय रं मास्तर, कितीजनांना नापास करून आलास?" असं दारातच. मी चिडलो की त्याला लय बरं वाटायचं. मी चिडायचोही लगेच, स्वभावाला काय करणार.

विहिरीवरच्या मोटरला त्यानं मोबाईल स्टार्टर बसवून घेतला होता. आता आमच्याकडे बहुतेकांनी बसवलाय. पूर्वी थ्री फेज लाईट आली की हातातलं काम टाकून रानात पळावं लागायचं. आता स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड असतं आणि लाईट आली की पेटीच मालकाला फोन करते. आतून एक बाई बोलते, म्हणजे तिचा भरून ठेवलेला आवाज बोलतो, "थ्री फेज लाईट आली आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा." एक दाबलं की तिकडं मोटर सुरू होते आणि बाई तसं कळवते. मग रानात कुणीतरी असावं लागतं, एक सरी भिजली की पाणी पुढच्या सरीत वळवायला. त्याला आमच्यात दारं धरणं म्हणतात. तेवढं काम अजून कुठल्या बाईनं अंगावर घेतलेलं नाही.

दादाचा फोन बटणांचा. त्याच्या जाड बोटांना दुसरा चालायचा नाही. फोन आला की तो स्पीकर लावायचा आणि बाईला उलट उत्तर द्यायचा, "व्हय बाई, दाबतो बाई, जरा दम धर." मग अंगठ्यानं एक दाबायचा, खुरपं टेकवावं तसा जोर लावून. वहिनी आतून ओरडायची, "आली का माजी सवत?" हा त्यांच्या घरातला रोजचा विनोद. मला तो कधी फारसा विनोदी वाटला नव्हता.

गेल्या पावसाळ्यानंतर उसाला खत टाकताना दादा सरीतच आडवा झाला. मेंदूत रक्तस्राव. कराडच्या दवाखान्यात नेला, ऑपरेशन झालं, श्वासाच्या मशीनवर ठेवला, मग मशीन सुटलं. नाकात नळी, लघवीला नळी, आणि डोळे उघडे. ते डोळे उघडले तेव्हा आम्हाला केवढं वाटलं होतं! वहिनीनं वॉर्डातल्या सगळ्यांना साखर वाटली. मग दिवस जायला लागले आणि डोळे नुसते उघडेच राहिले. सकाळी उघडायचे, दुपारी मिटायचे. समोर उभं राहिलं तर आपल्यावर न थांबता मागच्या भिंतीवर जायचे.

डॉक्टर तरुण होते, बोलायला सरळ. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जाग आहे. भान आहे की नाही ते सांगता येत नाही. जाग वेगळी, भान वेगळं." मी विचारलं, आणखी काही तपासणी? ते म्हणाले, "मोठ्या शहरात मेंदूचे आणखी फोटो निघतील. मेंदू कुठं कसा चालतोय ते दिसेल. आत त्यांना काय वाटतंय, वाटतंय का, ते फोटोत येत नाही." आणखी एक सांगितलं. असं पडून राहिलेल्या माणसाची कधी ना कधी छाती भरते. "तेव्हा परत मशीनवर घ्यायचं की घरीच ठेवायचं, ते आत्ताच ठरवून ठेवा. ऐन वेळी घरच्यांना सुधरत नाही."

मी मान हलवली. मला काही वाटलं नाही. खाली येऊन चहा प्यायलो आणि चहात साखर जास्त आहे म्हणून टपरीवाल्याशी भांडलो.

दादाला घरी आणला, सोप्यात लोखंडी कॉट टाकली. मी साताऱ्याहून कपड्यांची बॅग घेऊन राहायलाच आलो. पुतण्याही लष्करात, रजा संपवून हद्दीवर परत गेला. जाताना म्हणाला, "काका, तुमी हाय म्हनून जातोय." घरात आम्ही तिघं उरलो. दादाला कुशीवर वळवायचा, नळीतून पेज सोडायची, अंग पुसायचं, पाठीला पावडर लावायची. हे सगळं माझे हात करत होते आणि मी बाजूला बसून बघतोय असं चाललं होतं. रडू नाही, राग नाही, कंटाळासुद्धा नाही. वहिनी एकदा म्हणाली, "आवं भावजी, तुमी बी ह्यांच्यावानीच भिंतीकडं बगताय. जेवताय का नुसतं गिळताय?" मी म्हणालो, "जेवतोय की." ते खरं होतं की नाही हे तिला बाहेरून कळायला मार्ग नव्हता. मलाही आतून नीट कळत नव्हतं.

बघायला येणाऱ्या प्रत्येकाकडे उत्तर तयार असायचं. एक म्हातारी म्हणाली, जीव रानात अडकलाय, शरीर तेवढं आणलंत. दुसरा म्हणाला, सगळं ऐकतायत, बोलता येत नाही इतकंच. तिसरा म्हणाला, काही नाही हो, दिवा गेलेला आहे. तिघंही चहा पिऊन ठामपणे गेले. मला त्यांचा हेवा वाटला. दादाबरोबर पलटणीत असलेला एकजण कोरेगावकडून आला. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट. त्यानं कॉटच्या पायथ्याशी उभं राहून एकदम आवाज काढला, "हवालदार! सावधान!" वहिनीच्या हातातली वाटी पडली. दादा भिंतीकडे बघत राहिला. त्या माणसानं बराच वेळ वाट बघितली, मग स्वतःच सावधान झाला, सलाम ठोकला आणि बाहेर जाऊन तोंडाला रुमाल लावून उभा राहिला. मी त्याला पाणी नेऊन दिलं.

उसाला पाणी देणं थांबून चालणार नव्हतं. शेजारचा गडी दारं धरायला तयार होता, पण मोटर दादाच्या नंबरवर. पुतण्यानं फोनवर सांगितलं, पेटीत आता तुमचा नंबर घाला काका. मी चष्मा लावून त्या खटपटीला बसलो, तेवढ्यात दादाचाच फोन वाजला. वहिनीनं तो त्याच्या उशाशी ठेवला होता. रानाची लाईट आमच्याकडे एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा; त्या आठवड्यात दिवसाची होती. तिनं उचलला आणि सवयीनं स्पीकर लावला. बाई बोलली, "थ्री फेज लाईट आली आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा."

आणि दादाचा उजवा अंगठा हलला.

थोडासाच. चादरीवर टेकलेला अंगठा वाकला, खाली दाबला गेला, सुटला. बाईनं पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्यांदा हलला का ते मला दिसलं नाही, कारण तोवर वहिनीनं फोनच त्याच्या हाताखाली सारला होता. बटण दाबलं गेलं. त्याच्या अंगठ्यानं की तिच्या सारण्यानं, देव जाणे. "मोटर चालू झाली आहे," बाई म्हणाली.

"ऐकलं!" वहिनी ओरडली. "भावजी, ऐकलं ह्यांनी! माज्या हाकंला न्हाई आन सवतीच्या हाकंला ओ दिली बगा!" ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी दादाकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता.

त्यानंतर नंबर बदलायचं नाव तिनं काढू दिलं नाही. लाईट आली की फोन त्याच्या हाताखाली, आणि आम्ही दोघं त्या अंगठ्याकडे टक लावून. कधी हलायचा. बऱ्याचदा नाही. नाही हलला की वहिनी थोडी थांबायची, मग स्वतःच एक दाबायची आणि म्हणायची, "आज डोळा लागलाय त्यांचा." डोळे तर सताड उघडे असायचे.

एके सकाळी नळीतून पेज सोडता सोडता तिनं मला विचारलं. मशीनचं डॉक्टरांनी तिलाही सांगितलं होतं.

"भावजी, मला एकच सांगा. ह्यास्नी कळतंय का? आत हायती का न्हाईत?"

"डॉक्टर म्हनालेत न्हवं, सांगता येत न्हाई."

"डॉक्टरचं ऱ्हाऊ द्या. तुमी एवढं शिकलाय. आत असतील तर मी न्हेनार. मशीन लावू देत, काय बी करू देत, मी सोडायची न्हाई. नसतील तर ह्या देहाला आनखी भोकं पाडू द्यायची न्हाईत. एवढंच मला ठरवायचं हाय. तुमी नीट बगा आन मला सांगा."

तिनं ते इतकं सरळ करून माझ्यापुढं ठेवलं की त्यात मला काही खोट काढता येईना.

बरं, मी मास्तर माणूस. बघायचं म्हणजे प्रयोग करायचा. पेटीतल्या बाईचा आवाज मी माझ्या फोनवर रेकॉर्ड करून घेतला. लाईट नसताना तो लावायचा, म्हणजे कळेल आवाजालाच हलतो का. मग बातम्या देणारी दुसरी बाई लावायची, म्हणजे कळेल कुठल्याही बाईला हलतो का. मग काहीच न लावता नुसतं बघत बसायचं, म्हणजे कळेल आपला आपण कितीदा हलतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मी पोरांच्या डोक्यात मारून मारून घातलं होतं. वहिनी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहायची. "काय निगालं?" "थांबा जरा," मी म्हणायचो.

हे करताना मला एक जुनी गोष्ट सारखी आठवायची. आम्ही दोघं शाळकरी, शिराळ्याच्या नागपंचमीच्या गर्दीत उभे. तेव्हा जिवंत नाग असायचे. एकजण नागापुढं मडकं इकडून तिकडं हलवत होता, शेजारी हलगी कडाडत होती आणि नाग फणा काढून डुलत होता. दादा खूश होऊन म्हणाला, "बग की, कसा हलगीवर डुलतोय!" मी नुकतंच शाळेत ऐकलं होतं. म्हणालो, "त्याला कान नसतात. मडकं हलतंय म्हनून त्यो हलतोय. हलगीचं त्याला काय बी कळत न्हाई."

"तुला कुनी सांगितलं?"

"सरांनी."

"आन सरांना कुनी सांगितलं? नागानं?"

मागं उभी असलेली माणसं हसली. मला इतका राग आला की घर येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. आता कॉटशेजारी बसून त्या बाईला पुन्हा पुन्हा बोलायला लावताना त्याचा तो प्रश्न मला टोचत राहिला. मीही बाहेरून मडकंच हलवत होतो.

निकाल असा लागला. खऱ्या फोनला अंगठा हलला. रेकॉर्ड केलेल्या आवाजालाही हलला. एकदा बातम्यांनाही हलला. काहीच लावलं नव्हतं तेव्हाही एकदा हलला, पण त्याच वेळी रस्त्यानं ट्रॅक्टर गेला होता, आणि दादाला ट्रॅक्टर ऐकू आला असेल तर? ज्या दिवशी तो कशालाच हलला नाही त्या दिवशी दादा आत नव्हता, की आत असून त्याला आमचा उबग आला होता? तो जन्माचा हट्टी. आपल्याला हा मास्तर तपासतोय असं कळलं असतं तर त्यानं मुद्दाम अंगठा हलवला नसता. जे हलणं माणसाच्या मनात असतं आणि जे हलणं नुसतं शिरेत असतं, त्या दोन्हींत अंगठा एकसारखाच दिसतो. आणखी शंभरदा बघितला असता तरी तसाच दिसला असता.

वर्गात मी पोरांना सांगायचो की ताऱ्यापर्यंत जायची गरज नसते. त्याचा उजेड इथं येतो. तो फोडून बघितला की तारा कशाचा आहे, किती तापलाय, आपल्याकडं येतोय की लांब चाललाय, सगळं कळतं. पोरं आ वासून ऐकायची आणि माझी छाती फुगायची. आणि इथं हातभर अंतरावर माझा सख्खा भाऊ पडलेला. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की काही गोष्टी माणसाला अजून कळलेल्या नाहीत, त्या उद्या कळतील. आणि काही गोष्टी अशा असतील की तिकडं जाणारा रस्ताच आपल्याला दिलेला नाही. पहिल्या जातीच्या गोष्टींवर माझं पोट चाललं. दुसऱ्या जातीची गोष्ट माझ्यासमोर नळीतून पेज पीत होती. असं काही मनात आल्यावर माणसानं घाबरायला पाहिजे. मी उठलो आणि भांडी घासली.

संध्याकाळी वहिनीला सांगितलं, "वहिनी, मला न्हाई सांगता येत."

"म्हंजी आजून बगाया पायजे?"

"न्हाई. कितीबी बगितलं तरी न्हाई. मलाच न्हवं, कुनालाच सांगता यायचं न्हाई."

ती म्हणाली, "मग इतकी वर्सं त्या पोरास्नी काय सांगत हुता?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "सिलॅबसमधलं." ती उठून आत गेली. त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नव्हतं आणि आम्ही दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही.

थंडीत छाती भरली. दुपारपासून श्वास खरखरायला लागला, उन्हं कलताना ओठ काळेनिळे दिसायला लागले. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आणायचं असेल तर आत्ता निघा." ॲम्ब्युलन्स बोलावली, ती अंगणात येऊन उभी राहिली, मागचं दार उघडून ठेवलेलं, इंजिन चालू. पुतण्याचा फोन लागला. "आई म्हनंल तसं, काका," एवढंच बोलला. मी फोन ठेवला. वहिनी माझ्याकडे बघत होती.

"सांगा," ती म्हणाली.

मी दादाच्या अंगावरची चादर सारखी केली.

"बरं. मग मी ह्यास्नीच इचारते."

ती कॉटवर बसली. आपला तळहात तिनं दादाच्या उजव्या हाताखाली घातला, अंगठा बरोबर मधोमध येईल असा. त्याच्या कानाशी वाकली आणि पेटीतली बाई बोलते तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आवं, ऐका. दवाखान्यात जायाचं आसंल, तर एक दाबा."

अंगणात इंजिनाची धडधड चालू होती. अंगठा तिच्या तळहातावर पडून होता. तिनं पुन्हा तेच विचारलं, तितक्याच सावकाश. मी वाकून बघत होतो. हलला नाही.

"न्हाई म्हनाले," वहिनी म्हणाली. तिनं हात काढून घेतला, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि ड्रायव्हरला परत जायला सांगितलं.

न हललेला अंगठा म्हणजे नकार, हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही. तिनं उलटं विचारलं असतं, जायचं नसेल तर एक दाबा, तर हाच अंगठा असाच पडून राहिला असता आणि आम्ही त्याला गाडीत घालून कराडला नेला असता. प्रश्न कुठल्या बाजूनं विचारला यावर माझ्या भावाचं जगणं-मरणं ठरलं होतं, आणि त्या सोप्यात हे मला एकट्याला दिसतंय असं मला वाटलं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण सांगून तिच्या पदरात काय पडलं असतं? पुन्हा तोच प्रश्न, आणि माझं तेच उत्तर. ॲम्ब्युलन्स फाटकातून मागं मागं जात रस्त्यावर वळली. मी जाऊन फाटक लावून घेतलं.

दादा दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेला. आम्ही दोघंही जवळच होतो. एक श्वास झाला आणि पुढचा आला नाही.

वहिनी रडली नाही. मीही नाही. शेजारच्या बायका आल्या, पुतण्याला कळवलं, तो निघाला. पुरुष माणसं अंगणात जमून हळू आवाजात पुढची तयारी बोलत होती. दादाला अजून कॉटवरून खाली घेतला नव्हता. मी त्याच्या पायाशी उभा होतो. मला जाणवत होतं ते एवढंच की माझे पाय गार पडलेत आणि चपला सापडत नाहीत.

आणि उशाशी ठेवलेला फोन वाजला.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "बंद करा की गं त्यो." वहिनीनं उचलला, स्पीकर लावला. "थ्री फेज लाईट आली आहे," बाई म्हणाली. "मोटर चालू करण्यासाठी एक दाबा." वहिनीनं फोन दादाच्या उजव्या हाताखाली ठेवला, रोज ठेवायची तसाच, त्याचा अंगठा नीट सरळ करून. मग मान वर करून मला म्हणाली, "भावजी, बगा. हलतोय का?"

सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी चष्मा पुसला आणि खाली वाकलो. अगदी नीट बघितलं, प्रयोगाला बसायचो तेव्हा बघायचो तसंच.

"न्हाई वहिनी," मी म्हणालो. "न्हाई हलत."

"काल बी हलला न्हवता," ती म्हणाली.

म्हणजे तिलाही दिसलं होतं. सगळं दिसलं होतं तिला काल, माझ्याइतकंच, आणि तरीही तिनं ते ठरवणं एकटीनं आपल्या अंगावर घेतलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. बाई सांगतच होती, एक दाबा. वहिनीचा हात बटणापर्यंत जाऊन थांबला होता, तिला ते दाबवेना. मी दादाच्या हाताखालून फोन घेतला आणि एक दाबलं.

"मोटर चालू झाली आहे," बाई म्हणाली. तिकडं रानात उसाला पाणी सुरू झालं. दारं धरायला त्या दिवशी कुणीच गेलं नव्हतं.